कळलावीची ओळख

विषारी वेल शाळेत कशाला, असे आम्हांस विचारले गेले. गडचिरोलीच्या रानात कंद खणणाऱ्या घरांतून आलेल्या आम्हां विद्यार्थ्यांना उत्तर ठाऊक होते. कळलावीचा कंद रताळ्यासारखा भासतो, आणि त्यातील कोल्चिसिन प्राणघातक ठरते. म्हणून मृगात गुरुजींसह आम्ही तो कुंपणाशी लावला. पानाचे टोकच वळून आधार धरते; वर वळलेल्या पाकळ्या पिवळ्या उमलून तांबड्या होतात. मात्र हिवाळ्यात वेल वाळते आणि जमिनीत कंद तेवढा उरतो. तेव्हा त्याचा दोन फाट्यांचा, नांगरासारखा आकार हीच खूण. संस्कृतात तिला ‘लांगली’ म्हणतात ते याचमुळे. धम्म ‘एहिपस्सिको’ आहे: या आणि पाहा. विषही पाहूनच ओळखावे लागते.