हेल्मेटचं छप्पर आणि शिअर बोल्ट

आज भाताचं काही नाही, हेल्मेटचं लिहितोय. हसू नका, शेवटी रोटाव्हेटरवरच येणार आहे.

माझा पुतण्या पुण्यात नोकरीला. सुट्टीला डोंगरात चालवायची जाड टायरची सायकल घेऊन मित्रांबरोबर आमच्या भोरकडं येतो, रायरेश्वराच्या पायथ्याच्या वाटा धुंडाळतो. मागच्या उन्हाळ्यात त्यानं नवं हेल्मेट घेतलं आणि जुनं मला दिलं. "काका, पहाटे सायकलवर डेअरीला दूध घालायला जाता, हे घालत जा." हेल्मेटला कपाळावर प्लास्टिकचं छप्पर, त्याला व्हायझर म्हणतात. त्याचा एका बाजूचा स्क्रू पडलेला, त्यामुळं ते लटलट हलायचं.

आधी वाटलं, हे नुसतं शोभेला. पण डेअरीवरून परत येताना माझं तोंड उगवतीकडं असतं आणि सूर्य नुकता हातभर वर आलेला. मान जराशी खाली केली की डोळ्यावर सावली येते, रस्त्यातला खड्डा दिसतो. गांधी टोपीनं हे काम कधी केलं नाही. पावसाचं म्हणाल तर वरून पडणारे थेंब चष्म्यावर येत नाहीत, पण आमच्याकडची आडवी झड सुरू झाली की छप्पर असून नसून सारखंच.

खरा उपयोग पाणंदीत. दोन्ही बाजूंनी करवंदीच्या जाळ्या, मधून वीतभर वाट. मान खाली घालून सायकल रेटली की काटेरी फांदी छपरावर खरडून वर जाते. हे मला मोठं वाटतं, त्याला कारण आहे. माझ्या वडलांच्या डाव्या डोळ्याला भात कापताना पातीचं टोक लागलं होतं. दोन दिवस घरगुती औषध घातलं, डॉक्टरकडं उशिरा नेलं. बुबुळावर फूल पडलं ते गेलंच नाही. पात खालून येते, तिथं छप्पर काही करणार नाही. त्याला चष्माच पाहिजे, आणि डोळ्याला काही लागलं तर त्याच दिवशी डोळ्याचा डॉक्टर.

तोटाही सांगतो. छपरामुळं वरचं दिसत नाही. बांधावरच्या आंब्याची आडवी फांदी मला दिसलीच नाही, डोकं दाणकन आपटलं. छप्पर वर-खाली करता येतं हे तेव्हा ठाऊक नव्हतं. डांबरी रस्त्यावर वाकून जोरात सायकल मारणारे छप्पर लावत नाहीत तेही यामुळंच, वाकल्यावर समोरचा रस्ताच झाकला जातो.

आता माझी चूक. लटलट थांबवायला मी दोन्ही बाजूंनी लोखंडी नटबोल्ट घातले, आतून वायसर लावून पान्यानं आवळले. लई झकास बसलं. दिवाळीला पुतण्या आला, हेल्मेट हातात घेतलं आणि त्याचा चेहराच उतरला.

"काका, हे कुणी केलं?"

"मी. का?"

म्हणाला, असल्या बऱ्याच हेल्मेटांना छप्पर मुद्दाम प्लास्टिकच्या स्क्रूनं नाहीतर खटक्यानं बसवतात. माणूस तोंडावर पडला, छप्पर जमिनीत रुतलं, तर ते तुटून बाजूला झालं पाहिजे. नाही तुटलं तर अंगाचा सगळा भार मानेवर येतो, मान पिरगाळते. डोकं वाचवायचं काम आतल्या थर्माकोलसारख्या फोमचं, छपराचं नाही. तो फोमही एकदा दबला की संपला, हेल्मेट बदलायचं.

मी गप्पच झालो. दोन वर्षांपूर्वी चिखलणीत रोटाव्हेटरचा शिअर बोल्ट सारखा तुटत होता. खाचरात दगड लई. ड्रायव्हर म्हणाला, कडक बोल्ट घालू. मी हो म्हणालो. पुढचा दगड लागला तेव्हा बोल्ट शाबूत राहिला आणि गिअरबॉक्समधले दात गेले. १८ हजार खर्च आणि ऐन लावणीत आठ दिवस खोळंबा. तेव्हा ड्रायव्हरला मी चारचौघांत बोललो होतो. आणि तेच मी स्वतःच्या मानेपाशी करून बसलो होतो, तेही खूश होऊन.

पुतण्यानं तिथंच नटबोल्ट काढले. प्लास्टिकचे स्क्रू पुण्याहून कुणाबरोबर तरी पाठवले, मी ते हातानंच बसवलेत, पान्याला हात लावला नाही. छप्पर जरासं हलतं, हलू दे.

अजून एक. हे हेल्मेट सायकलचं आहे. परवा धाकटा हेच घालून मोटारसायकलवर निघाला होता, त्याला परत बोलावलं. गाडीला आयएसआय मार्कचं वेगळं हेल्मेट लागतं.

तुमच्याकडं शिअर बोल्टच्या जागी कडक बोल्ट घातलेला असेल तर आज काढा. आमच्या ड्रायव्हरची मी अजून माफी मागितली नाही. तो उद्या नांगरटीला येतोय.