जीडीबीशी ओळख

सोमवार, ८ जुलै २०२४, नाशिक

भाचीने सी भाषेत पहिला जरा मोठा प्रोग्रॅम लिहिला आहे. लासलगावच्या कांद्याचे रोजचे भाव फाइलमधून वाचायचे आणि सरासरी काढायची. चालवला की एकच ओळ: सेगमेंटेशन फॉल्ट. कुठे, का, काही नाही. तिने रिवाजाप्रमाणे जागोजागी प्रिंटएफ पेरले: ‘इथे आले’, ‘इथेही आले’. त्यातला शेवटचा संदेश दिसलाच नाही, म्हणून ती भलत्याच ओळीवर संशय घेऊन बसली. संदेशाच्या शेवटी नवी ओळ नव्हती, त्यामुळे तो बफरमध्येच पडून राहिला आणि प्रोग्रॅमबरोबर गेला. म्हटलं, उद्या जीडीबी हा डीबगर उघडू.

मंगळवार, ९ जुलै

अंबडहून यायला उशीर झाला. ताई जेवायला हाका मारत होती, आम्ही टर्मिनलसमोर.

आधी कंपाइल करताना ‘-जी’ जोडायचं. त्यानेच मशीन कोडातला पत्ता आणि आपल्या फाइलमधली ओळ यांची सांगड राहते. नाहीतर जीडीबी नुसते पत्ते दाखवतो. मग ‘रन’. कोसळल्यावर पडद्यावर आलं: आयओएफगेट्स.सी नावाची फाइल सापडत नाही.

‘‘मामा, ही फाइल मी लिहिलेलीच नाही!’’

इथेच पुष्कळ मुलं जीडीबी बंद करतात. ती फाइल सी लायब्ररीची. तिचा मूळ मजकूर लॅपटॉपवर नाही, एवढंच जीडीबीचं म्हणणं. ‘बीटी’ दिलं, म्हणजे बॅकट्रेस. कोणी कोणाला बोलावलं याची उतरंड आली: वर एफगेट्स, खाली तिचं मेन. ‘अप’ करून मेनमध्ये आलो, ‘प्रिंट एफपी’ विचारलं. उत्तर शून्य. फाइल उघडलीच नव्हती. भावांची यादी दुसऱ्या फोल्डरमध्ये. एफओपनने शून्य परत दिलं होतं, ते तपासलं कोणी नव्हतं.

गुरुवार, ११ जुलै

आता प्रोग्रॅम कोसळत नाही, पण सरासरी कोट्यवधी रुपयांत. (ताई म्हणाली, शेतकऱ्याला कळवा.) शिवाय दर वेळी वेगळी. जीडीबीत चालवला तर आकडा चुकीचाच, पण दर वेळी तोच! जीडीबी लिनक्सवर मेमरीतल्या पत्त्यांची सरमिसळ मुद्दाम बंद ठेवतो, म्हणून कचराही तोच हाती लागतो.

‘ब्रेक मेन’, ‘रन’, मग ‘नेक्स्ट’. पुढे नुसतं एंटर दाबलं की मागचीच आज्ञा पुन्हा चालते. दिसणारी ओळ ही व्हायची असलेली, झालेली नव्हे. हे आधीच सांगून ठेवलं तर निम्मा गोंधळ वाचतो. लूपच्या आधीच ‘प्रिंट बेरीज’ केलं. शून्य हवं तिथे भलामोठा आकडा. सुरुवातीची किंमत दिलीच नव्हती.

आमच्या पिढीला हे टर्बो सीमध्ये एफ७ आणि एफ८ या कळांवर मिळायचं: एफ७ फंक्शनच्या आत शिरणार, एफ८ वरून जाणार. जीडीबीत तेच ‘स्टेप’ आणि ‘नेक्स्ट’. निळा पडदा गेला, एवढाच फरक. रिचर्ड स्टॉलमनने जीडीबी १९८६ साली लिहिला; तो टर्बो सीपेक्षा जुना आणि फुकट, तरी आमच्या कॉलेजात त्याचं नावही निघालं नाही.

रविवार, १४ जुलै

भाची मैत्रिणीचा प्रोग्रॅम घेऊन आली. प्रिंट केलं की ‘ऑप्टिमाइज्ड आउट’, आणि नेक्स्ट केलं की ओळी पुढे-मागे उड्या मारतात. कंपाइल ‘-ओ२’ने केलेला होता, कंपायलरने चल गाळून टाकले, ओळींचा क्रम फिरवला. शिकताना ‘-ओ०’ किंवा ‘-ओजी’च बरं. संध्याकाळी तिने स्वतःहून ‘वॉच बेरीज’ करून पाहिलं: किंमत बदलली की प्रोग्रॅम थांबतो, जुनी-नवी दोन्ही दाखवतो. प्रिंटएफ पेरून हे साधत नाही.

सी शिकवणाऱ्या मास्तरांना एकच विनंती: पहिल्याच महिन्यात मुलांच्या हाती एक मुद्दाम कोसळणारा प्रोग्रॅम द्या, आणि ‘बीटी’ करायला लावा.