उतार चार सेकंद

मुसफ्फामधल्या आमच्या वर्कशॉपमध्ये एका टिग वेल्डिंग मशीनवर अजून मास्किंग टेपची पट्टी आहे. तिच्यावर माझ्या अक्षरात मराठीत लिहिलंय : चढ, उतार, आधीचा वायू, नंतरचा वायू.

ती लावली मामांसाठी. मामा रत्नागिरीकडचे, आखातात तीस वर्षं वेल्डिंग केलेले. टिगचं काम नाजूक. टंगस्टनच्या टोकाशी आर्क, भोवती आर्गॉन वायू आणि दुसऱ्या हाताने तार भरायची. जुन्या मशीनला एकच मोठा नॉब, त्यावरचे आकडेही पुसलेले. मामा आर्कच्या आवाजावरून करंट ओळखत. घात व्हायचा तो जोडाच्या शेवटी. बटण सोडलं की करंट एकदम शून्य. टोकाला खळगा राहून त्यात बारीक चीर पडायची. मुरलेला वेल्डर झटकन टॉर्च कडेला नेऊन ते टाळतो. पंचावन्नीनंतर मामांची ती चपळाई गेली. एक्स-रे फिल्मवर चिरा दिसू लागल्या, जोड घासून पुन्हा करावे लागले. व्हिसा संपायला तीन महिने, मुलीच्या इंजिनिअरिंगची दोन वर्षं बाकी.

त्याच सुमारास डिजिटल इन्व्हर्टर मशीन आलं. "आता हे वेल्डिंग करणार, मी काय चहा करू?" मामा म्हणाले. खरी अडचण वेगळी होती. पॅनेलवरचं इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, आणि पोरांसमोर विचारायचं नव्हतं. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी पट्टी चिकटवली.

उतार चार सेकंद लावला. म्हणजे शेवटी करंट ८५ अँपिअरवरून चार सेकंदांत हळूहळू खाली येतो आणि खळगा भरत जातो. नंतरचा वायू दहा सेकंद : आर्क विझला तरी आर्गॉन वाहत राहतो, तापलेल्या टंगस्टनला नि जोडाला हवा लागत नाही. मग पल्स. करंट सेकंदाला दोनदा वर-खाली, प्रत्येक लखलखीला तार पुढे करायची. मामा गावच्या भजनात पखवाज वाजवायचे. दुसऱ्या जोडालाच त्यांनी ताल धरला. जमलेले आकडे मशीनच्या मेमरीत ठेवले. मामांनी ते डायरीतही उतरवलेच.

सगळंच यंत्र करत नाही. पाइपची तोंडं जुळली नसतील, दारातल्या वाऱ्याने आर्गॉन उडत असेल, तर पॅनेलवर काही दिसत नाही. शिवाय मशीनवर छापलेली क्षमता ४० अंश तापमानाची. ऑगस्टमध्ये आमच्या पत्र्याखाली पारा त्यापुढे जातो, आणि सलग काम केलं की साहेब आपणहून बंद! ग्राइंडिंगची धूळ आत गेली तर आणखी कटकट. जुनं मशीन असं रुसत नसे.

मामांचा व्हिसा वाढला. मुलगी इंजिनिअर झाल्यावर ते गावी परतले. आता त्या मशीनवर बिहारचा एक मुलगा असतो. त्याला इंग्रजी येतं. परवा जाड पाइप आला, तर मला हाक मारून विचारतो, "भैया, उतार कितना रखूँ?"