आधीचा रिपोर्ट आणलाय का?

क्रिएटिनिन ३.१. लॅबच्या कागदावर आकडा ठळक छापलेला, शेजारी वर तोंड केलेला बाण. असा रिपोर्ट घेऊन दवाखान्यात आलेला मुलगा वडिलांना बाहेर बाकावर बसवतो, आत येतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "साहेब, डायलिसिसला न्यायचं का? कलबुर्गीला नेऊ की सोलापूरला?"

दुधनीत हा दुसरा प्रश्न नेहमीचाच. अक्कलकोट तालुक्यातलं हे तुरीच्या बाजाराचं गाव कर्नाटकच्या सीमेला खेटून आहे. सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर त्याचं स्टेशन आहे, आणि जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा परराज्यातलं कलबुर्गी जवळ पडतं. पण गाडी कुठल्या दिशेला काढायची, हे ठरवण्याआधी डॉक्टरला बरंच काही विचारायचं असतं. किडनीचं काम एकाएकी घसरलेलं दिसलं की पहिल्या तासाभरात काय विचारलं आणि काय तपासलं, यावर पुढचं पुष्कळ अवलंबून असतं. त्यातला पहिला प्रश्न एकच: आधीचा रिपोर्ट आणलाय का?

कारण ३.१ हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी तो २.९ असेल, तर हा जुना, सावकाश वाढणारा आजार. दोन महिन्यांपूर्वी ०.९ असेल, तर गेल्या काही दिवसांत काहीतरी घडलंय आणि ते बहुधा सुधारता येण्यासारखं आहे. जगभरचे किडनीतज्ज्ञ २०१२पासून जी व्याख्या मानतात, तीही फरकावरच उभी आहे. ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ने वाढलं, किंवा सात दिवसांत मूळ आकड्याच्या दीडपट झालं, किंवा सहा तास लघवी फारच कमी झाली, तर किडनीला अचानक इजा झाली असं धरायचं. मूळ आकडाच हाती नसेल, तर दीडपट कशाची काढायची?

लॅबनं छापलेल्या 'नॉर्मल'वर विसंबणंही महागात पडतं. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. १.२ हा आकडा पंचविशीतल्या धडधाकट हमालाच्या रिपोर्टवर आला, तर सध्याच्या सूत्रानं किडनीची गाळणक्षमता ८६ निघते. तोच १.२ सत्तरीच्या बाईच्या रिपोर्टवर आला, तर ती ४९च्या आसपास येते. कागदावर दोघांचाही आकडा तोच, आणि बऱ्याच लॅबच्या छापील मर्यादेत बसणारा. शिवाय हे सूत्र स्थिर प्रकृतीसाठी आहे. आकडा रोज हलत असताना त्यातून काढलेली गाळणक्षमता घरच्यांना सांगू नये, हे बरं.

आणखी एक गोष्ट नवशिक्याला चकवते. किडनी आज सकाळी पूर्ण थांबली, तरी क्रिएटिनिन दिवसाला साधारण एक ते दीडनेच चढतं. नालीचं तोंड बुजलं तरी अंगण भरायला वेळ लागतो, तसंच हे. पहिल्या दिवशीचा १.८ म्हणूनच कधी कधी जुन्या रुग्णाच्या ४पेक्षा जास्त धोक्याचा असतो. परतीच्या वाटेवर उलटं होतं. लघवी मोकळी सुरू होते, माणूस जेवायला लागतो, आणि आकडा मात्र दोन दिवस तसाच अडून राहतो. तेव्हा आकड्यापेक्षा लघवीच्या मापावर भरवसा ठेवावा.

मुळात आकडा खरा आहे का, हेही पाहावं लागतं. मॅक्स याफे यांनी १८८६मध्ये नोंदवलेली पिक्रेटची प्रक्रिया अजूनही कितीतरी लॅबमध्ये वापरतात. पिवळं द्रावण क्रिएटिनिन मिळालं की नारिंगी होतं, आणि यंत्र त्या रंगाचा गडदपणा मोजतं. पण साखर हाताबाहेर गेलेल्या मधुमेह्याच्या रक्तातले किटोनही तोच रंग आणतात. आदल्या रात्रीचं मटण, व्यायामशाळेतल्या पोरांची क्रिएटिनची पावडर, लघवीच्या जंतुसंसर्गासाठी दिलेली ट्रायमेथोप्रिमची गोळी, यांनीही किडनीला धक्का न लागता आकडा थोडा वर जातो. शंका असेल तर त्याच दिवशी पुन्हा रक्त काढावं. ती तपासणी स्वस्त आहे, आणि घरच्यांच्या एका रात्रीच्या झोपेची किंमत त्याहून जास्त आहे.

मग बाहेर बसलेल्या वडिलांना आत घ्यायचं आणि टेबलावर झोपवायचं.

"अप्पा, कालपासून लघवी किती वेळा झाली?"

"होतेय की साहेब, थेंब थेंब. सारखं उठावं लागतंय."

इथे बेंबीखाली बोटं ठोकून पाहायला अर्धं मिनिट लागतं. पोकळ आवाजाऐवजी ठस्स आवाज आला, हाताला घट्ट गोळा लागला आणि दाबल्यावर अप्पांनी तोंड वाकडं केलं, तर मूत्राशय तुडुंब भरलंय आणि वाट प्रोस्टेटनं अडवलीय. थेंब थेंब होते ती वरून सांडणारी लघवी. नळी घातली की लिटरभर बाहेर येते आणि पुढच्या दिवसांत आकडा उतरायला लागतो. मात्र अडथळा सुटल्यावर काही जणांना लघवीचा लोंढा लागतो, म्हणून दोन दिवस आत किती गेलं आणि बाहेर किती आलं, ते लिहून ठेवावं लागतं. महागड्या तपासण्यांची यादी लिहिण्याआधी पोटावर हात ठेवला गेला पाहिजे. वयस्क पुरुषाच्या बाबतीत तर या पायरीला सूट नाही.

पोट मऊ असेल, तर पिशवी उघडायची. गोळ्यांची.

सोलापूर जिल्ह्यातला मे महिना चाळिशीपार असतो. त्या उन्हात पोती उचलणाऱ्या किंवा रानात राबणाऱ्या माणसाला जुलाब-उलट्या सुरू झाल्या की अंगातलं पाणी झपाट्यानं आटतं. किडनीकडे एरवी हृदयाच्या रक्तापैकी जवळजवळ पाचवा हिस्सा जातो. तो पुरवठा कमी झाला तरी आतली रक्ताची नळी घट्ट-सैल करून किडनी गाळण टिकवते. ही सोयच काही गोळ्या मोडतात. टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी किडनीच्या गाळणीतून बाहेर पडणारी वाट सैल करते. डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या पेनकिलर आत येणारी वाट आवळतात. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असेल, तर उरलंसुरलं पाणीही जातं. प्रत्येक गोळी आपल्या जागी योग्य असते. तिन्ही एकत्र आल्या, वर जुलाब लागले, की तीन-चार दिवसांत ०.९चे ३.१ होतात. आणि कंबरदुखीची गोळी बहुतेकांना औषध वाटतच नाही, म्हणून "आणखी काय घेता?" असं मोघम विचारून उपयोग नसतो. "कंबर दुखली तर काय घेता? मेडिकलमधून काय आणलं? इंजेक्शन कुणी दिलं?" असं एकेक करून विचारावं लागतं.

अशा वेळी पेनकिलर बंद, बीपीची ती गोळी काही दिवस थांबवलेली, आणि सलाईन. पण सलाईन म्हणजे डोळे झाकून चार बाटल्या नव्हेत. जीभ कोरडी आहे का, उठून बसल्यावर बीपी पडतं का, पाठीवर स्टेथोस्कोप ठेवल्यावर तळाशी कुरकुर ऐकू येते का, हे पाहून प्रत्येक बाटली लावायची. लघवी होत नसताना ओतलेलं पाणी फुप्फुसात उतरतं.

याच्या उलट चूकही तितकीच वाईट. टेल्मिसार्टन किंवा मधुमेहावरची डापाग्लिफ्लोझिन सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडं वाढतं. तीस टक्क्यांपर्यंतची वाढ अपेक्षितच असते, आणि पुढच्या काही वर्षांसाठी हीच औषधं किडनी वाचवतात. आकडा १.१चा १.३ झाला म्हणून घाबरून ती कायमची बंद करणारा डॉक्टर रुग्णाचं भलं करत नाही.

पहिल्या तासात जीव घेऊ शकतं ते पोटॅशियम. किडनी थांबली की ते रक्तात साचतं आणि हृदय बंद पाडतं, तेही आधी फारशी चाहूल न देता. रक्ताचा रिपोर्ट यायला उशीर असेल, तर ईसीजीची पट्टी काढावी. टी लाटा उंच आणि टोकदार तंबूसारख्या झालेल्या दिसल्या की कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून द्यायचं, मग इन्सुलिन आणि ग्लुकोज, आणि मग गाडी. नेमक्या याच रुग्णाला घरचे मायेनं शहाळ्याचं पाणी पाजतात. उन्हाचा त्रास झाला की शहाळं, ही आपली रीत चांगली आहे. पण ग्लासभर शहाळ्याच्या पाण्यात साधारण अर्धा ग्रॅम पोटॅशियम असतं, आणि लघवी बंद झालेल्या माणसाला ते विषासारखं बाधू शकतं.

थंडीत कारण बदलतं. तूर काढणीला येते आणि रानात घोणस असते. तिचं विष रक्ताची गोठण्याची ताकद संपवतं आणि पाठोपाठ किडनी बंद पाडतं. यासाठी लागते एक स्वच्छ, कोरडी काचेची नळी. त्यात दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं, वीस मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं, मग तिरकं करायचं. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर प्रतिविष लगेच सुरू करायचं. क्रिएटिनिन वाढण्याची वाट पाहायची नाही. प्लास्टिकच्या नळीत ही चाचणी फसते, म्हणून काचेच्या दोन नळ्या दवाखान्याच्या कपाटात कायम असाव्यात.

आणि यातलं काहीच जुळलं नाही तर? मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६च्या सुरुवातीला वेगवेगळ्या आजारांसाठी दाखल झालेल्या रुग्णांच्या किडन्या एकामागोमाग निकामी झाल्या. चौदा जण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होतं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं त्याची चौकशी केली. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्याची लहान मुलं लघवी बंद झालेल्या अवस्थेत नागपूरच्या रुग्णालयांत आली. वीसहून जास्त मुलं गेली. त्यांना दिलेल्या खोकल्याच्या औषधाच्या नमुन्यात तेच विष ४८.६ टक्के निघालं. दोन घटनांमध्ये जवळजवळ चाळीस वर्षांचं अंतर आहे, विष तेच आहे. म्हणून रिकाम्या बाटल्या फेकू देऊ नयेत आणि प्रत्येक औषधाचा बॅच नंबर कागदावर उतरवून ठेवावा. कारण न सापडलेल्या रुग्णाची हकिगत तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांपर्यंत गेली पाहिजे. एकाच दवाखान्यात बसून ही साखळी कुणालाच दिसत नाही.

सगळ्यांना सोलापूरला पाठवायचं नसतं. पोटॅशियम उतरत नाही, फुप्फुसात पाणी भरतंय, शुद्ध हरपतेय, रक्त आम्ल होतंय, तर डायलिसिस लागतं, मग आकडा कितीही असो. पाठवताना चिठ्ठीवर 'किडनी फेल' एवढंच लिहू नये. जुने आकडे तारखांसह, थांबवलेल्या गोळ्या, दिलेलं सलाईन, झालेली लघवी, ईसीजीची पट्टी, हे सगळं सोबत गेलं तर तिकडच्या डॉक्टरचे दोन तास वाचतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. पण सीमा ओलांडून कलबुर्गीला न्यायचं असेल, तर ते रुग्णालय योजनेत आहे का, हे गाडी निघण्याआधी फोन करून विचारलेलं बरं.

वाचणाऱ्याला एक विनंती. घरात बीपी किंवा मधुमेह असलेलं किंवा साठीपुढचं कुणी असेल, तर प्रकृती ठणठणीत असताना एकदा क्रिएटिनिन तपासून घ्या, तारखेसह त्याचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. जुलाब-उलट्या लागल्या तर पेनकिलर घेऊ नका, आणि बीपीची गोळी चालू ठेवायची का, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.