थांबण्याचा नियम

औषधांच्या चाचण्यांचे आराखडे आखणे हा माझा व्यवसाय. माझ्यासमोर रुग्ण नसतात, संगणकाच्या पडद्यावरचे आकडे असतात. तरीही प्रत्येक आकड्यामागे कुणाची तरी आई किंवा वडील आहेत, हे भान सुटत नाही.

कर्करोगावरील नव्या औषधाच्या प्राथमिक चाचणीसाठी रिचर्ड सायमन यांनी 1989 साली मांडलेली दोन टप्प्यांची पद्धत आजही वापरात आहे. ‘आर’ या विनामूल्य संगणकप्रणालीला मी चार गोष्टी सांगते. समजा, 10 टक्के रुग्णांनाच गुण आला तर औषध निरुपयोगी, 30 टक्क्यांना आला तर उपयुक्त. निरुपयोगी औषध स्वीकारण्याचा धोका 5 टक्के आणि उपयुक्त औषध नाकारण्याचा 20 टक्के. क्षणार्धात उत्तर येते. आधी 10 रुग्ण घ्यावेत. त्यांपैकी फार तर एकालाच गुण आला, तर तेथेच थांबावे; अन्यथा आणखी 19 घ्यावेत. एकूण 29 पैकी किमान 6 जणांना गुण आला, तरच औषध पुढील अभ्यासास पात्र.

शितावरून भाताची परीक्षा आपण रोजच करतो. येथे किती शिते पाहायची, हे आधी ठरते. औषध निरुपयोगी असेल, तर पहिल्याच टप्प्यात थांबण्याची शक्यता सुमारे 74 टक्के असते. मग उरलेल्या 19 जणांना त्याचे दुष्परिणाम सोसावे लागत नाहीत. मात्र उपयुक्त औषधही तेथेच थांबवले जाण्याची शक्यता सुमारे 15 टक्के असते. हा आकडा मला दर वेळी अस्वस्थ करतो. तो कमी करायचा, तर पहिल्या टप्प्यात अधिक रुग्णांना ते अनिश्चित औषध द्यावे लागते. हा तोल कोठे साधावा, हे संगणक सांगत नाही. ते माणसांनीच ठरवायचे असते, आणि तेही पहिला रुग्ण दाखल होण्यापूर्वी. एकदा निकाल दिसू लागले, की आशा नियमाला वाकवू पाहते.

म्हणून संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी कुटुंबीयांनी दोन प्रश्न अवश्य विचारावेत : ही चाचणी कोणत्या टप्प्यावर थांबू शकते? आणि थांबल्यास आमच्या रुग्णाच्या पुढील उपचारांचे काय? चाचणी मध्येच थांबली, म्हणजे कुणी हात झटकले असे नव्हे. पुष्कळदा, पुढच्या रुग्णांना जपण्यासाठी आधीच दिलेला शब्द पाळलेला असतो.