खारा वारा आणि मोटारीचा सेल्फ

कोल्हापूरहून निघालेली मोटार आंबा घाट उतरून साखरप्याला आली की हवा बदलते. मलकापूरपर्यंत सोबत असलेला कोरडा गारवा मागे राहतो आणि पाली, हातखंबा ओलांडेपर्यंत सदरा पाठीला चिकटू लागतो. प्रवाशाला हा दमटपणा दोन दिवसांचा पाहुणचार वाटतो. मोटारीतल्या लोखंडाला आणि तांब्याला मात्र तो मानवत नाही.

संध्याकाळी रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्यावर लोक समुद्राकडे तोंड करून बसतात. उत्तरेस रत्नदुर्गाची कड काळवंडत जाते. त्यांच्या पाठीमागे उभ्या असलेल्या मोटारींच्या काचांवर तोवर एक चिकट थर धरलेला असतो. बोट फिरवून जिभेला लावले, तर चव खारट लागते. काच पुसता येते. पण तोच थर बॉनेटखाली बॅटरीच्या टोकांवर, अर्थिंगच्या तारेवर आणि इंजिनाच्या कुशीत दडलेल्या स्टार्टर मोटरवरही बसत असतो. तिकडे कोणी फडके घेऊन जात नाही.

गॅरेजच्या भाषेत या मोटरला ‘सेल्फ’ म्हणतात. आकाराने ती लहान तांब्याएवढी. काम एक-दोन सेकंदांचे. पण तेवढ्या वेळात ती शंभर ते दोनशे अँपिअर वीज ओढते. पुढचे दोन्ही साधे दिवे मिळून जेमतेम नऊ-दहा अँपिअर घेतात. या फरकातच खाऱ्या हवेची सारी गोम आहे. गंजामुळे बॅटरीच्या टोकाशी ओहमच्या एक शतांश भागाइतका अडथळा निर्माण झाला, तर दिव्यांना तो जाणवतही नाही. सेल्फने दीडशे अँपिअर मागताच मात्र बारा व्होल्टपैकी दीड व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. म्हणून दिवे लख्ख लागतात, भोंगा वाजतो आणि किल्ली फिरवल्यावर नुसते ‘टक्’ होऊन सारे शांत होते. बॅटरी तर चांगली आहे, मग सेल्फच गेला, असा निष्कर्ष मालक काढतो. रत्नागिरीत तो पुष्कळदा घाईचा ठरतो.

पावसाळा त्यात भर घालतो. जून ते सप्टेंबरात इथे तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. अनेक मोटारींत सेल्फ इंजिनाच्या खालच्या अंगाला असतो. डबक्यातले तांबडे पाणी थेट त्यावर उडते आणि जांभ्याचा गाळ तिथेच वाळतो.

मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीच्या बाजूस किंवा शहरातल्या एखाद्या जुन्या गॅरेजात जाणता ऑटो इलेक्ट्रिशियन आधी पाना उचलत नाही, कान देतो. टकटकटक असा भराभर आवाज आला, तर बॅटरी अशक्त किंवा जोड सैल. एकच जड ‘टक्’ आला, तर सोलेनॉइडचे संपर्क जळलेले, कार्बन ब्रश झिजलेले, नाहीतर जोडांवर गंज. सेल्फ भिरभिरतो पण इंजिन हलत नाही, तर बेंडिक्सचे दाते पकड घेत नाहीत. मग तो मीटर लावून किल्ली फिरवायला सांगतो. सेल्फच्या टोकाशी पुरेसे व्होल्ट पोहोचत असूनही तो फिरत नसेल, तरच तो काढावा लागतो.

खर्चाचा सारा हिशेब इथे ठरतो. जोड घासून बसवणे दोन-तीनशे रुपयांत होते. सेल्फ खोलून ब्रश आणि बुश बदलणे मजुरीसह साधारण हजार-दोन हजारांत जाते. लहान पेट्रोल मोटारीचा नवा सेल्फ पाच ते दहा हजारांच्या आसपास पडतो. डिझेलच्या मोठ्या गाडीचा, किंवा सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाडीचा त्याहूनही अधिक. मोठ्या सर्व्हिस सेंटरात बहुधा अख्खा सेल्फच बदलतात, कारण सुटे ब्रश ठेवून दुरुस्ती करत बसणे त्यांच्या व्यवस्थेत बसत नाही. यात लबाडीच असते असे नाही. आर्मेचरच जळले असेल, तर नवा घेणे शहाणपणाचेही असते. मात्र बदली केल्यास जुना सेल्फ परत मागावा. त्यातल्या तांब्याला मोल असते, आणि खरोखर काय बिघडले होते हे डोळ्यांनी पाहता येते.

हा सेल्फ तरी किती जुना? ब्रह्मदेशाच्या पदच्युत थिबा राजासाठी रत्नागिरीच्या टेकडीवर राजवाडा उभा राहिला तो 1910 च्या सुमारास. त्यानंतर लगेच, 1912 च्या कॅडिलॅक मोटारीत, चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर आला. तोवर पुढून हँडल मारावे लागे, आणि इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडे. आपल्याकडच्या जुन्या जीपच्या तोंडाशी हँडलचे भोक त्यानंतरही कित्येक वर्षे होते. आता तेही नाही. सेल्फ कुरकुरू लागला की चालक गाडी उतारावर लावतो, आणि या चढउतारांच्या गावात उतार सहज मिळतो. स्वयंचलित गिअरच्या गाडीला ही सोयही उरलेली नाही.

पर्यटकाचा सेल्फ अडला तर एक सकाळ वाया जाते. आंब्याच्या हंगामात टेम्पोवाल्याचा अडला तर गोष्ट वेगळी. एप्रिल-मे महिन्यांत दिवस कलता पेट्या भरतात आणि रात्रभर सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास धावून पहाटे वाशीच्या बाजारात उतरवाव्या लागतात. चार तास उशीर झाला, तर त्या दिवसाचा भाव हातचा जातो. त्यापुढे सेल्फची किंमत मोजायला कोणी बसत नाही. मिळेल त्या दराने नवा बसवला जातो.

म्हणूनच सावध टेम्पोवाला पेट्या चढण्याआधीच बॉनेट उघडतो. बॅटरीची टोके सोडवून कोमट पाणी ओततो, तारेच्या ब्रशने पांढरी-हिरवी भुकटी खरवडून काढतो, जोड आवळून वर पेट्रोलियम जेली फासतो. मग किल्ली फिरवतो, क्षणभर इंजिनाचा आवाज ऐकतो, गाडी बंद करतो आणि पेट्या चढवायला हाक देतो.