दबलेले आणि झिजलेले

आमच्या देवगावच्या नावातच ‘रंगारी’ आहे. तरी नवा रंग चढण्याआधी जुना उतरवावा लागतो, हे मला वडिलांच्या बंदुकीने शिकवले. वडील जत्रांमधून फुगे फोडण्याचा खेळ मांडीत. महाशिवरात्रीला वेरूळ, नाथषष्ठीला पैठण असा त्यांचा फेरा असे. ४.५ मिलिमीटरच्या छर्ऱ्याची ती एकच बंदूक. तिच्याच मिळकतीतून माझी वह्या-पुस्तके आणि वसतिगृहात येण्याजाण्याचे भाडे निघत असे.

त्यांच्या पश्चात मी तिचा लाकडी दस्ता नव्याने करावयास घेतला. स्क्रू काढून नळी आणि स्प्रिंगचा भाग अलग केला. काचेच्या धारेने जुने पॉलिश खरवडले. मग लाकडाच्या रेषेच्या दिशेने आधी १२० आणि नंतर २२० नंबरचा पॉलिश पेपर फिरवला. दस्त्यावर अनेक पोचे होते. त्यांवर ओले फडके ठेवून गरम इस्त्री टेकवली, की वाफेने दबलेले तंतू फुगून वर येत.

एक खळगा मात्र भरेना. नळीखाली, जिथे डावा हात येतो, तिथला. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांच्यासारख्या नेमबाजांचा दस्ता त्यांच्या शरीराच्या मापाने जुळवून घेता येतो. जत्रेतल्या बंदुकीला ती सोय नाही. तिथे हातच लाकडाला आकार देतात.

गावातले सुतार म्हणाले, “भाऊ, दबलेलं लाकूड उठतं, झिजलेलं उठत नाही. लांबी भरून बुजवू का?”

मी नको म्हटले. आपल्या शाळेने आम्हां मुलांना ऊब देऊन वर आणले, कारण आम्ही दबलेले होतो. आमचे आईवडील मात्र झिजले होते. ती झीज भरून देणे कोणाच्याच हाती नाही; ती बुजवू नये, एवढेच आपल्या हाती असते.

त्यानंतर उकळलेल्या जवसाच्या तेलाचे पाच पातळ हात दिले. प्रत्येक वेळी वरचे तेल पुसून घेतले आणि लाकूड पुरते वाळू दिले. तेल पिऊन रेषा उजळल्या आणि खळगा अधिकच गडद झाला. माझी मुलगी बंदूक उचलते, तेव्हा तिचा डावा हात आपोआप तिथेच जातो.